मक रुबियाचं तिमोर

डिंगमारांच्या, म्हणजे डेन्मार्कच्या गोऱ्यांच्या, देशात छापलेल्या एका जाडजूड पुस्तकात तिमोर बेटावर एक प्रकरण आहे. त्यातलं निम्मं माझ्या सासूने सांगितलेलं आहे आणि निम्मं मी. आम्ही दोघांनीही तिमोर पाहिलेलं नाही. सासूचं निदान समुद्राशी वाकडं नव्हतं. मला तर आमच्या मकासर बंदराच्या धक्क्यावरून समोरच्या वाळूच्या बेटावर जायचं झालं तरी पोटात काही ठेवून चालत नाही, आणि ठेवलं तर ते मासे खातात. असा मी त्या पुस्तकात 'तिमोरमध्ये बराच काळ राहिलेला एक थोर मलायी सरदार' झालो आहे. सासूचं नाव मात्र त्यात कुठेही नाही, म्हणून तिच्याबद्दल मीच सांगतो.

तिचं नाव रुबिया. मक म्हणजे आई, आणि आमच्या मलायी वस्तीत लहानथोर सगळे तिला मक रुबियाच म्हणत. धक्क्याला लागून तिचं घर, आणि घराच्या पडवीत बसून ती जहाजांची शिडं विणायची. ताडाची पाती चिरून, वाळवून, एकात एक घालून ती अशी घट्ट चटई करायची की वारा त्यातून बोटभरही निसटत नसे. एखाद्या जहाजाचं शीड फाटलं की खलाशी ते पाठीवर घेऊन तिच्याकडे येणार, आणि ठिगळ लागेपर्यंत तिच्यासमोर उकिडवा बसणार. बसला की मक तोंडातला विडा एका गालात सारून विचारायला सुरुवात करणार.

तिचा नवरा लवकर वारला. पदरात दोन मुलं, थोरला जेनाल आणि धाकटी सेपिया. सेपिया माझी बायको. आमच्यात लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, त्यामुळे मी घरजावई. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाईट वाटावं अशी माझी ऐपतच नव्हती. मी धक्क्यावर दुभाष्याचं काम करत होतो. परदेशी माणूस जहाजातून उतरला की त्याला तांदूळ कुठे मिळतो, आजारी पडला तर कुणाकडे जायचं, राजवाड्यात जाताना जोडे कुठे काढायचे, हे मी सांगायचो. लोकांना वाटे मला पाच भाषा येतात.

"जावई," मक म्हणायची, "पाच भाषांत 'भूक लागली' म्हणता येतं, एवढंच तुझं शिक्षण."

"तेवढंच लागतं, मक."

"हो, आणि माझ्या घरात ते मलायीत म्हटलं तरी भागतं."

जेनाल मोठा झाला आणि चंदन आणणाऱ्या जहाजावर लागला. चंदन तिमोरचं. पश्चिमेचा वारा सुरू झाला की जहाजं जातात आणि पूर्वेचा सुटला की परत येतात. जेनालचं जहाज परत आलं तेव्हा त्यात जेनाल नव्हता. जहाजाचा सुकाणूवाला डाएंग तोला, मोठ्या हाताचा आणि छोट्या आवाजाचा माणूस, पडवीपुढे येऊन उभा राहिला. नजर चटईवर ठेवून म्हणाला, "मक, त्याला ते बेट फार आवडलं. राहिलाय तिथे."

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगायला हवी. घरातलं माणूस ज्या मुलखात असेल, त्या मुलखाबद्दल त्या घराच्या कानावर वाईट शब्द घालायचा नाही. घातला तर तो शब्द तिथे जाऊन त्या माणसाला लागतो. तिथे ताप आहे म्हणालात, तर त्याला ताप येणार. माणूस परत आला की बंधन सुटलं. तो परत आलाच नाही, तर बंधन सोडायचा अधिकार फक्त त्या घराचा. घरच्यांनी मयताचा भात रांधला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाढला, की मग ज्याला जे बोलायचं ते बोलावं. तोवर त्या मुलखाचं फक्त कौतुक.

बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. त्यामुळे आमच्या धक्क्यावर जगाचा भूगोल उलटा मिळतो. जावाला गेलेले सगळे परत येतात, म्हणून जावाबद्दल विचारलंत तर ऐकाल की माणसं चोर, भात कच्चा आणि डास कबुतराएवढे. तेर्नातेला गेलेलेही येतात, म्हणून तेर्नातेचं पाणी खारट आणि लोक असे चिकट की शिंकले तरी नाक परत मागतील. आणि जिथून आमची पोरं आलीच नाहीत, त्या बेटांवर झाडाला मध लागतो आणि पाऊस माणसं झोपल्यावर पडतो. मकासरचा खलाशी एखाद्या देशाची फार स्तुती करायला लागला, तर शहाण्याने तिकडे जाऊ नये. हे मला लहानपणापासून पाठ आहे. लक्षात ठेवा, म्हणजे पुढे माझी कीव करायला बरं पडेल.

मकने मयताचा भात कधी रांधला नाही. दरवर्षी पूर्वेचा वारा सुटला की ती धुतलेलं लुगडं नेसून पडवीत बसायची आणि तिमोरहून आलेल्या प्रत्येकाला धरायची.

"काय खातात रे तिथे सकाळी?"

"उकडलेले कंद, मक. मधाबरोबर."

"पाणी?"

"गोड. पोटाला हलकं."

"पहाटे पांघरूण लागतं का?"

"पातळसं पुरतं."

"बायका कशा आहेत? परक्या पोराला नीट वागवतात का?"

"आपल्या पोरासारखं, मक."

तिने राजा कोण, किल्ला केवढा, चंदन काय भावाने, हे कधी विचारलं नाही. आईला राजा घेऊन काय करायचंय? शेवटी डाएंग तोला यायचा. तो दरवर्षी यायचा आणि दरवर्षी सांगायचा की जेनाल भेटला, बरा आहे, अंग धरलंय. एका वर्षी त्याने जेनालला दाढी आणली, पुढच्या वर्षी एक शेळी दिली. मक ऐकून घ्यायची, त्याला केळ्याची भजी खायला घालायची आणि त्याचं शीड इतरांच्या आधी शिवून द्यायची. सेपिया आईच्या मागे बसून हे सगळं ऐकत मोठी झाली. भाऊ गेला तेव्हा ती एवढीशी होती, त्यामुळे तिच्या लेखी भाऊ म्हणजे तोलाने सांगितलेला भाऊ.

अशात आंडर्स नावाचा एक डिंगमार आमच्याकडे येऊन अडकला. वारा फिरेपर्यंत त्याचं जहाज हलणार नव्हतं. वाऱ्याची वाट बघणाऱ्या परदेशी माणसाला दोनच उद्योग सुचतात, दारू पिणं किंवा पुस्तक लिहिणं. आंडर्सला दारू सोसत नव्हती. तो मला म्हणाला, पूर्वेकडच्या सगळ्या बेटांचं वर्णन लिहायचं आहे, तिमोर जाणणारं कुणी आहे का?

मी म्हटलं, "आहे ना. माझ्या घरीच आहे." मला वाटलं चला, पाहुण्याचीही सोय होईल आणि सासूवर माझं वजनही पडेल.

आंडर्स पडवीत मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. डिंगमारांचे गुडघे मांडीसाठी बनवलेले नसतात. तो विचारायचा, मी मलायीत सांगायचो, मक उत्तर द्यायची.

"तिमोरमध्ये राजे किती?"

"ते मी नाही विचारलं कधी. सकाळी कंद खातात म्हणावं, मधाबरोबर."

"किल्ले आहेत का?"

"पांघरूण पातळ पुरतं. ते लिहून घे म्हणावं त्याला, थंडीचा माणूस दिसतोय."

"लोक शूर आहेत की भित्रे?"

मक विणता विणता थांबली. "माणसं मायाळू आहेत. दुसऱ्याच्या पोराला उपाशी ठेवत नाहीत."

आंडर्सने सगळं लिहून घेतलं. त्यातल्या त्यात तो चांगला माणूस होता, एकाच तोंडावर विश्वास ठेवणारा नव्हता. म्हणाला, हे पडताळून पाहिलं पाहिजे. मग मी त्याला धक्क्यावर हिंडवून तिमोरला जाऊन आलेले खलाशी दाखवले. सगळे मकच्याच वस्तीतले. घर हाकेच्या अंतरावर, मकचे कान तीक्ष्ण. कोण वाईट बोलणार? ज्याला विचारावं तो म्हणे, पाणी गोड, ताप नाही, माणसं मायाळू. डाएंग तोलाने तर म्हाताऱ्यांचे नवीन दात आल्याचंही सांगितलं. आंडर्स खूश झाला. इतके साक्षीदार आणि इतकी एकवाक्यता त्याने कुठल्याच देशाबद्दल पाहिली नव्हती.

बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, पण वाढपी तर मीच होतो. तेव्हा कढीला थोडी फोडणी मीही घातली. तोला दात आले म्हणाला तर मी भाषांतरात केसही काळे केले. शेवटी आंडर्सने मला विचारलं, "तुम्ही स्वतः तिमोरला गेला आहात?"

खरं म्हणजे उत्तर एका शब्दाचं होतं. पण मक ऐकत होती, सेपिया ऐकत होती, आणि एवढ्या मोठ्या माणसाने मला 'तुम्ही' म्हटलं होतं. मी म्हणालो, "आमचं जाणं-येणं चालूच असतं."

वारा फिरला, आंडर्स गेला. मी त्याला विसरलो.

बऱ्याच वर्षांनी दुसरं एक डिंगमार जहाज आलं. त्यावरच्या एका तरुण कारकुनाकडे आंडर्सचं ते पुस्तक होतं. छापलेलं, कातडी पुठ्ठ्याचं, विटेएवढं जड. मकासरला उतरल्यावर त्याने मलाच धरलं, आणि मी फुकट वाटाड्या व्हायच्या बदल्यात तिमोरचं प्रकरण वाचून घेतलं. तो बोट ठेवून वाचायचा आणि मोडक्यातोडक्या मलायीत सांगायचा. 'या भागातला सर्वांत निरोगी देश. पाणी औषधी. ताप कुणाला ठाऊक नाही. म्हाताऱ्यांना नवे दात येतात आणि केस काळे होतात. परक्याला पोटच्या पोरासारखं सांभाळतात. हे सारं मला तिथे बराच काळ राहिलेल्या एका थोर मलायी सरदाराने सांगितलं, आणि अनेक विश्वासू साक्षीदारांनी त्याला दुजोरा दिला.'

"हा सरदार कोण?" मी विचारलं.

त्याने नाव वाचलं. इंचे तालिब. म्हणजे मी.

त्या दिवशी मी घरी गेलो तो जमिनीवर पाय न टेकवता. सेपियाला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, मशिदीच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगितलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला कुणाची मदत लागली नाही, मी आपला आपण चढलो. आणि शेंड्यावर बसल्यावर मला एक गोष्ट सुचली, जी दुसऱ्या कुठल्याही मूर्खाला सुचली नसती. मला वाटायला लागलं की हे खरंच असलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, अरे, केस तूच काळे केले होतेस ना? केले होते. पण मी बोललो तेव्हा तो माझा शब्द होता, माझ्या शब्दाची किंमत मला ठाऊक होती. आता तो छापील होता. इतका समुद्र ओलांडून जाऊन, इतक्या शहाण्या माणसांच्या हातांतून फिरून, कातडं पांघरून परत आला होता. खोटा असता तर वाटेत कुणीतरी त्याला पकडलं नसतं का? शिवाय साक्षीदार होते, अनेक, विश्वासू. त्या साक्षीदारांना धक्क्यावरून बकोटीला धरून मीच आणलं होतं, हे मला आठवत होतं. पण छापल्यावर तेही जरा वेगळेच वाटत होते.

तेव्हा मी ठरवलं की तिमोरला जायचं. बायको आणि लहान मुलीसकट. तिथे जेनाल होताच, दाढीवाला, शेळीवाला. चंदनाच्या व्यापारात हात घालायचा आणि खराखुरा सरदार व्हायचं. सेपियाला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्या शहाणपणाची खात्रीच पटली.

"दादाकडे राहायचं?" ती म्हणाली. "खरंच?"

"खरंच."

"तो ओळखेल का मला?"

मकला सांगायचं काम सेपियाने केलं. मक शीड विणत होती. पात तिच्या बोटांत तशीच राहिली. तिने सेपियाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"हा?" ती म्हणाली. "ह्याला होडीत बसवलं की होडीला उलटी येते."

"होईल सवय," मी म्हणालो.

"पावसाच्या आत छप्पर शाकारायचंय."

"शेजारी शाकारतील."

"पोरीचा खोकला अजून गेला नाही. लेकराला घेऊन समुद्रावर?"

सेपिया हसली. "मक, असं काय करतेस? तूच तर म्हणतेस ना, तिथलं पाणी म्हणजे औषध? खोकला तिथेच जाईल तिचा."

 पात ओली करायच्या भांड्यात मकने हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही. मला वाटलं, म्हातारीला एकटं राहावं लागणार म्हणून रुसली. मी तिला म्हणालो, "मक, जेनालला काय निरोप देऊ?" इतका मी शहाणा.

पुढचे दिवस तिने आम्हाला अडवायला जे सुचेल ते केलं. कंबर दुखतेय म्हणाली. स्वप्नात सुसर दिसली म्हणाली. माझ्याशी भांडण काढून पाहिलं. मला घरजावई म्हणाली, आयतोबा म्हणाली, म्हणजे नवीन काहीच म्हणाली नाही. एका दुपारी डाएंग तोलाला बोलावून तिने त्याला आमच्यासमोर बसवलं. "तोला, सांग रे यांना, वाट कशी आहे." तोलाने माझ्याकडे पाहिलं, सेपियाकडे पाहिलं, मग मकच्या पायांकडे. घाम पुसत म्हणाला, "वाट बरी आहे, मक." दुसरं काय बोलणार तो? मक अजून तिमोरचं कौतुकच करत होती. घराने बंधन सोडलं नव्हतं, आणि तोला रीत मोडणारा माणूस नव्हता. त्याने घसा साफ केला, उठला आणि भजी न खाता गेला.

आमच्या वस्तीत कुणी कुटुंब दूर निघालं की आदल्या दिवशी दुपारचं जेवण घालतात. भात, मासळी, नारळाच्या दुधातला बोकड. त्या मुलखात जाऊन आलेले सगळे बोलवायचे. इमाम दुवा मागतो, आणि जेवणाआधी घरातल्या थोरल्या माणसाने त्या मुलखाबद्दल चार बरे शब्द बोलायचे, म्हणजे तो मुलूख जाणाऱ्यांशी तसाच वागतो. आमच्या घरात थोरली मक. पडवी माणसांनी भरली होती. मी नवा फेटा बांधला होता. पुस्तकवाला डिंगमार कारकूनही आला होता, सरदारासोबत जेवायला.

दुवा झाली. इमाम म्हणाला, "बोला, मक."

मक उभी राहिली. धुतलेलं लुगडं नेसली होती. तिने एकदा सेपियाकडे बघितलं, मांडीवरच्या पोरीकडे बघितलं.

"तिमोरचं पाणी वाईट आहे," ती म्हणाली.

 इमामाचे हात दुवेसाठी वर होते ते तसेच राहिले. बाहेर कुणीतरी सुंभ वळत होतं, तेही थांबलं. एवढ्या एका वाक्यात तिने काय केलं ते आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाला कळलं होतं, ते न कळलेली दोनच माणसं तिथे होती, एक तो डिंगमार आणि दुसरा मी.

"असं कसं, मक?" मी म्हणालो. "पुस्तकात तर..."

"पुस्तकात कोण बोलतंय रे, शहाण्या? मीच ना? आणि माझ्याशी कोण बोलत होतं?" तिने हात फिरवला. "हे सगळे. माझं मन राखत होते बिचारे. आणि मी त्यांना राखू देत होते."

मग ती वळली. "तोला."

डाएंग तोला खांबाला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"सोडलं मी तुला. आता सांग. माझा जेनाल किती जगला?"

तोलाचा आवाज मुळातच छोटा, तो आणखी बारीक झाला. "परतीचा वारा सुटायच्या आतच गेला, मक. ताप होता. तिथे उतरलेल्यांतले बरेच जण गेले."

"जवळ कोण होतं?"

"मी होतो."

"पाणी मागितलं त्याने?"

"मागितलं."

"दिलंस?"

"दिलं, मक. तिथलंच. दुसरं नव्हतं."

सेपियाने पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली. "तुला माहीत होतं?" ती आईला म्हणाली. "इतकी वर्षं माहीत होतं तुला?"

"जिवंत मुलगा आईला एक निरोप पाठवत नाही होय गं?" मक म्हणाली. "दाढी येते, शेळी येते, आणि निरोप तेवढा येत नाही? माहीतच होतं. पण हे लोक येऊन बोलायचे तेव्हा वर्षातून एक दिवस तो असायचा. तो मला हवा होता." तिचा आवाज इथे फुटला, आणि तिने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. "पण तुझ्या जिवावर नाही. तुझ्या पोरीच्या जिवावर नाही. तो एक दिवस नको मला आता."

मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. जमीन कशाला घेईल, तिलाही निवड असते. मी फेटा सोडला आणि मांडीवर ठेवून त्याच्या घड्या घालत बसलो, कारण दुसरं काय करायचं ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. सासूने स्वतःच्या तोंडाने पोटचा मुलगा मारला होता, आणि तिला तसं करायला लावणारा माणूस नवा फेटा बांधून सरदार होऊन बसला होता. सगळ्यांनी खाली बघितलं. मला कुणी काही बोललं नाही, हे त्यांचे उपकार.

जेवण तयारच होतं. निरोपाचं म्हणून रांधलेलं. मकने इमामाला सांगितलं, "हाच भात मयताचा समजा. पुन्हा चूल पेटवायचं बळ नाही माझ्यात." इमामाने पुन्हा हात वर केले आणि जेनाल, रुबियाचा मुलगा, हे नाव मृतांमध्ये घेतलं. मक स्वतः वाढत होती. आणि मग खलाशी बोलायला लागले. एकाने तिथल्या दलदलीचं सांगितलं, दुसऱ्याने स्वतःच्या भावाबरोबर पुरलेल्या माणसांचं. इतकी वर्षं तोंडात धरलेलं एकेकाने पानावर ठेवलं. मक प्रत्येकापुढे भाताचं पातेलं घेऊन उभी राहायची आणि त्याचं संपेपर्यंत ऐकायची. बायका दारात जमल्या होत्या. त्यांच्यातही तिमोरला पोरगा असलेल्या दोघीतिघी होत्या. त्या हंगामात आमच्या वस्तीत आणखीही काही घरांनी मयताचा भात रांधला.

आम्ही गेलो नाही हे सांगायला नकोच. सेपिया बरेच दिवस आईशी बोलली नाही. मग एका सकाळी तिच्याशेजारी बसून पाती चिरायला लागली, आणि तेव्हापासून दोघी मिळून माझ्याबद्दल बोलतात.

डिंगमार कारकुनाचं जहाज निघायच्या आधी तो पडवीत आला. त्या जेवणातलं अर्धंमुर्धं त्याला कळलं होतं. तो म्हणाला की पुस्तक पुन्हा छापायचं चाललं आहे, आणि तिमोरच्या प्रकरणात काही सुधारणा असेल तर तो जरूर कळवील. मी ते मकला सांगितलं.

मकने विणणं थांबवलं. नीट विचार करून, एकेक शब्द सांभाळून बोलली. "लिही म्हणावं, तिथे माझा मुलगा पुरलाय. जेनाल नाव. वर चढणीवर, चिंचेखाली. तोलाने सांगितलंय मला. कुणी त्या बाजूला गेलंच, तर तिथे दोन शब्द म्हणावेत."

त्या दिवशी मी पहिल्यांदा शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. कारकुनाने ऐकलं. त्याने विचारलं, "हा जेनाल कुणी मोठा माणूस होता का? राजघराण्यातला, किंवा सेनापती?"

"नाही," मी म्हणालो. "खलाशी होता."

तो ओशाळला. भला पोरगा होता. "मग ते प्रवासवर्णनात बसायचं नाही," तो हळूच म्हणाला. आणि दौतीला झाकण लावून उठला.

"काय म्हणाला?" मकने विचारलं.

"लिहितो म्हणाला," मी म्हणालो. "पहिल्याच पानावर घालतो म्हणाला."

मकने एक ओली पात उचलली, बोटांतून सरळ केली आणि ओवली. "बरं झालं," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही.